मोकळ्या जागेतली बरबटी

१९६२ सालच्या जून महिन्यात, मृग लागला त्या सकाळी, आमच्या ओसरीवर नव्वद रुपये मोजून माझ्या हातात पडले. हजर चौघे होतो : घराचा कारभार ज्यांच्या हातात होता ते माझे मोठे भाऊ, त्यांना आम्ही दादा म्हणत असू, वहिनी, माझी बायको, आणि मी. पाच पोती सुपर फॉस्फेट, सोळा किलो बियाणे आणि वणीहून आणायचे गाडीभाडे, एवढ्यासाठी ती रक्कम होती.

मी तेव्हा चाळिशीला आलो होतो आणि त्या घरात काय पेरायचे हे मी एकदाही ठरवलेले नव्हते. म्हणून ठरले ते असे : मुकुटबनच्या वाटेवरचे दोन एकरांचे वावर एका हंगामापुरते माझे. त्यात मी बरबटी, म्हणजे पुण्याकडे जिला चवळी म्हणतात ती, बियाण्यासाठी घ्यायची. शेतकी खात्याच्या इन्स्पेक्टरांनी सगळे पीक पास केले, तर ते वावर पुढेही मीच पाहायचे. नाहीतर पुन्हा पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि मी पुन्हा तोंड उघडायचे नाही. शेवटचे कलम दादांचे.

पैसे हातात पडण्याआधीच खतावरून पहिली ठिणगी पडली होती. पऱ्हाटीसाठी आणलेले सल्फेट, म्हणजे नत्राचे खत, घरात होते. तेच टाक, वेगळा खर्च कशाला, असे दादांचे म्हणणे. मी सांगितले की सल्फेटने बरबटी नुसती वेल आणि पाला करते, शेंग धरत नाही. तिच्या मुळांवर गाठी येतात, त्यातून तिचे पोट भरते. तिला लागते ते सुपर, तेही पेरताना दाण्याखाली.

"तुह्या बरबटीचं पोट लहान दिसते," दादा म्हणाले. पण पैसे त्यांनी दिले, हे मी नाकारत नाही.

पेरणी मी स्वतः उभा राहून करून घेतली. दोन ओळींत दोन फूट, दोन झाडांत एक वीत. भाजीच्या किंवा दाण्याच्या बरबटीला एवढी जागा कोणी सोडत नाही. बियाण्याच्या पिकात सोडावी लागते, कारण माणसाला ओळीओळीतून चालत जाऊन झाडनझाड पाहावे लागते, वेगळे दिसले ते उपटावे लागते, आणि वाळेल तशी शेंग हाताने तोडावी लागते. हे मी ओसरीवर दोनदा सांगितले होते. दोन्ही वेळा दादांनी मान हलवली होती.

उगवण चांगली झाली. त्यानंतर बायकोच्या काकांची तेरवी निघाली आणि आम्ही दोघे केळापूरला गेलो. पाऊस लागून राहिला, नाल्याला पूर, परतायला आठवडा झाला. येताना परस्पर वावरावरून आलो. दोन ओळींमधली जागा कुठे दिसेना. सगळीकडे हिरवी रोपे. शेजारच्या वावरातला कास्तकार धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, म्हणाला, "आता कसं वावर वावरावानी दिसून राह्यलं."

घरी दादा जेवत होते.

"दादा, दोन ओळींच्या मधात काय लावलं हे?"

"बरबटीच लावली. बरबटीत बरबटी. धोतरा नाही लावला."

"माणूस चालाले जागा ठेवली होती मी."

"काहून, वावरातून वरात काढाची हाय का तुले? लोकं हासून राह्यले होते. म्हणे, धाकट्याले बियाणं पुरलं नाही काय. मंग तुह्या वहिनीले म्हटलं, घरचं बियाणं टोबून टाक. खत तं तू टाकलंच होतं. दोन घास घरच्या बरबटीनं खाल्ले तं काय बिघडलं?"

वहिनी भाकर वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "चांगल्यासाठीच केलं ना भाऊजी."

त्या वाक्याचा राग मला आजही येतो. शिवी दिली असती तर उत्तर देता आले असते. मोकळी जमीन दिसली की ती कोणाच्या तरी हातून राहून गेली, असे धरूनच दादा चालत. ती मुद्दाम ठेवली असेल, आणि ठेवणारा आपला धाकटा भाऊ असेल, हे त्यांच्या मनाला शिवतच नसे.

आमच्याकडे रीत होती की ओळींच्या मधात बाईने आपल्या हाताने जे टोबले, म्हणजे दाणा खोचून लावले, ते तिचे. त्याच्या पैशाला पुरुष हात लावत नसत. म्हणून रोजाच्या बायांना मी उपटायला सांगितले तेव्हा त्या धुऱ्यावर बसून राहिल्या. "मोठ्या बाईच्या हातचं आमी नाही उपटत," त्यांच्यातली म्हातारी म्हणाली. तेव्हा मी आणि बायकोने उपटले. मधले तरी ओळखू येत होते. पण जिथे दाणा उगवला नव्हता तिथे वहिनींनी ओळींतल्या नांग्याही भरल्या होत्या, आणि पानावरून घरची आणि आणलेली, दोन्ही जाती सारख्याच.

फुले यायची वाट पाहावी लागली. आमच्या बियाण्याचे फूल पांढरे, घरच्या बरबटीचे जांभळे. बरबटीचे फूल पहाटे उमलते आणि ऊन चढले की मिटते, म्हणून आम्ही उजाडताच वावरात असू. जांभळे दिसले की झाड मुळासकट बाहेर. बायको म्हणाली, "दादांले सांगा, निदान फुलं तरी एका रंगाची लावाची होती." मला हसू आले नाही. धुऱ्याकडच्या एकरात वेल उशिरा फुलावर आले. त्यातले सारे जांभळे निघायच्या आधीच इन्स्पेक्टर आले.

त्यांनी चार-पाच ठिकाणी झाडे मोजली. पूर्वेचा एकर पास केला. धुऱ्याकडे येऊन म्हणाले, "इथे भेसळ आहे. हे मी बियाणे म्हणून लिहू शकत नाही." त्यांचे बरोबर होते. मी कारण सांगितले नाही. दादांनी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, "साहेब, पोराचा पह्यला हंगाम हाय, समजून घ्या." माझ्या कानशिलावरचे केस तेव्हा पांढरे झाले होते.

साहेब गेल्यावर दादा मला म्हणाले, "सगळं पास असं ठरलं होतं."

"अर्धं कोणी नापास केलं?"

"बोलणं सगळ्याचं झालं होतं," दादा म्हणाले आणि बैल सोडायला गेले.

पुढच्या मृगात त्या वावरात पऱ्हाटी होती.

पास झालेल्या एकराचे बियाणे दोनशे दहा रुपयांना गेले. नापास एकराचा दाणा वणीच्या बाजारात पंच्याऐंशीला विकला. ओसरीवर पुन्हा तेच चौघे बसलो. नव्वद रुपये मी दादांना परत केले. तोडणीच्या बायांचे बत्तीस वेगळे काढले. उरलेलेही दादांच्या हातात दिले, कारण घर एक होते. त्यांनी त्यातले अकरा रुपये माझ्यापुढे सारले.

"हे तुह्या वहिनीले दे. तिचा हिस्सा तू उपटला."

मी वहिनींकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "मी नाही मागत. तुमचे दादा म्हणतेत." आणि पदर पुढे केला. अकरा रुपये मी माझ्या हाताने वहिनींना दिले.