नानांची कंपनी

जळगावात सोनं मिळेल, डाळ मिळेल, पाइप तर मैलोगणती मिळतील. पण ‘कंपनी’ या शब्दावर माझ्या बायकोच्या काकांइतका जीव लावणारा माणूस अख्ख्या खानदेशात मिळायचा नाही. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. मूळचे चोपड्याकडचे, घरची केळीची शेती. तरुणपणी जळगावला येऊन ते पाइपच्या कारखान्यात लागले आणि तिथूनच रिटायर झाले. त्या कारखान्याला ते कधी कारखाना म्हणाले नाहीत. ती कंपनी. गावात इतर कंपन्या होत्या, त्यांना नावं होती. नानांच्या कंपनीला नावाची गरज नव्हती.

जगातल्या वस्तूंचे त्यांनी दोन भाग पाडले होते. एक कंपनीची आणि दुसरी लोकल. मिक्सरचं भांडं, छत्री, कुकरची शिट्टी, काहीही हातात घेतलं की आधी उलटं करून खालचं नाव वाचायचे. माझ्या लग्नात आहेर म्हणून त्यांनी पंखा दिला आणि भर मांडवात माझ्या कानाशी लागून म्हणाले, “जावईबापू, कंपनी फिटिंग आहे. कोणाला खोलू देऊ नका.” तो पंखा पुढे दुसऱ्याच उन्हाळ्यात जळाला, तेव्हा दोष व्होल्टेजचा निघाला. कंपनीचा निघणं शक्यच नव्हतं.

मग काकू गेल्या. मुलगा पुण्यात मोठ्या कंपनीत, त्याने आग्रह करून नानांना नेलं. आठ दिवसांत परत आले. “तिथं सगळे कंपनीतच राहतात. घरात मी आणि फ्रिज. तो बी मधूनमधून बंद पडतो,” म्हणाले. आणि चष्मा पुसत बसले.

एका सकाळी बागेत फिरताना ओळखीच्या एका गृहस्थांनी त्यांना हटकलं, “नाना, चहा घेतोय, कंपनी द्या ना जरा!” नाना थबकले. जन्मभर त्यांनी कंपनीला दिवस दिले होते, रात्रपाळ्या दिल्या होत्या. पण कंपनी माणसाने माणसाला द्यायची असते, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. संध्याकाळी आमच्याकडे येऊन ते हिला म्हणाले, “अगं, कंपनी देता बी येते!”

त्या दिवसापासून नाना कंपनी देत सुटले. कोणी दाढीला निघालं, की नाना सलूनच्या बाकावर. कोणाची दाढ काढायची असली, तर ज्याची दाढ तो खुर्चीत आणि नाना दाराशी तोंड कसनुसं करून उभे. मी गॅसच्या तक्रारीला निघालो, तर पायात चपला सरकवून तयार. काम विचारायचे नाहीत. फक्त म्हणायचे, “एकटे कशाला जाता?”

माझ्या धाकट्या भावासाठी मुलगी पाहायला आम्ही धुळ्याला निघालो, तेव्हाही जीपमध्ये एक जागा रिकामी होती. ती नानांनी रिकामी राहू दिली नाही. भाऊ नरडाण्याच्या एका कारखान्यात नोकरीला. पोहे झाले, मुलगी आत गेली. आम्ही मंडळी गच्चीवर गेलो आणि नाना खाली ओट्यावर मुलीच्या वडिलांजवळ बसले. वडिलांनी ओळख काढत विचारलं, “तुम्ही कोन शेतस?” नवरदेवाच्या वहिनीचे काका हे सांगत बसायचं म्हणजे लांबण. नाना म्हणाले, “मी? मी कंपनी.”

वडील सावरून बसले. मुलाच्या कंपनीतलं कोणी मोठं माणूस जातीने आलेलं दिसतंय! त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, “साहेब, बठ्ठं खरं सांगा. पोरगा परमनंट शे ना?”

नाना रस्त्याकडे पाहत म्हणाले, “परमनंट कोणीच नसतं हो. सकाळी चहा करून देणारं माणूस संध्याकाळी नसतं.”

दोन दिवसांनी धुळ्याहून निरोप आला, जमत नाही. कारण कोणी सांगेना. भावाने जेवण टाकलं. त्याला मुलगी मनापासून आवडली होती. शेवटी मी फोन केला, तेव्हा मुलीचे वडील उखडून म्हणाले, “तुमना कंपनीवालाच सांगी गया!”

हे नानांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घराला कुलूप. एकटेच एसटीने धुळ्याला गेले होते. तिथे काय झालं ते आता माझी भावजय सांगते, कारण ती दाराआड उभी राहून ऐकत होती. नानांनी हात जोडून सगळा उलगडा केला. पोरगा चांगला आहे, नोकरी पक्की आहे, चूक माझी आहे. तिचे वडील अजून घुश्श्यातच होते. म्हणाले, “मंग तुम्ही कसाले आले व्हते त्या दिवशी? तुमचं काय काम व्हतं?”

नाना म्हणाले, “काम काही नव्हतं. घरी कोणी नव्हतं.”

वडिलांनी आत वळून ताट वाढायला सांगितलं.

लग्न झालं. मुलीकडच्यांनी नानांना सगळ्यांच्या आधी मानाची टोपी घातली.

मागच्या महिन्यात मात्र ही त्यांना डबा द्यायला गेली आणि रडवेली होऊन परतली. नाना काळा चष्मा लावून अंधाऱ्या खोलीत बसलेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन एकटेच जाऊन करून आले होते. डोळ्यात थेंब नीट पडत नव्हते, गालावर ओघळ वाळले होते. मी धावत गेलो. “नाना, आम्हाला सांगायचं नाही?”

“तुम्हा लोकांना कामं असतात,” ते म्हणाले.

दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मी रजा काढली. परत येताना रिक्षात बसल्यावर त्यांनी चाचपडत माझ्या शर्टाची बाही धरली. खड्डे गेले, सिग्नल गेले, सपाट रस्ता लागला. बाही काही त्यांनी सोडली नाही. त्यांचं घर आलं, तेव्हा मी रिक्षावाल्याला म्हटलं, “भाऊ, अजून एक चक्कर मारून घ्या.”