बडीशेपेच्या बशीत काय सापडलं

देवघरातलं निर्माल्य आणि हॉटेलातले किस्से, दोन्ही रोज काढले तरी दुसऱ्या दिवशी तेवढेच साठलेले! निर्माल्य मी तुळशीच्या बुंध्याशी टाकते. किस्से तिथे टाकले तर तुळसच हसायला लागेल. म्हणून इथे टाकतेय.

नव्वद सालाच्या अलीकडे-पलीकडे आमच्या ह्यांचं जळगावला स्टेशनजवळ हॉटेल होतं. पुढे फॅमिली, मागे परमिट रूम. भटारखान्याला लागूनच आमचं घर, मधे एक दार. त्या दारातून दुपारच्या चहाला वेटर माझ्या ओट्यापाशी येत आणि चहाबरोबर किस्से सांडून जात.

माझे वर्षातले निम्मे दिवस उपासाचे. परमिट रूमच्या काउंटरवर उभे राहायचे सत्तारभाई, पाच वेळचे नमाजी. आयुष्यात थेंब चाखला नाही. मी इकडे महादेवाचं नाव घेत होते, ते तिकडे अल्लाचं. आमच्या दोघांच्या पुण्याईवर बाकीचे निवांत पीत होते!

हॉटेल उघडलं तेव्हा गल्ल्यात सगळ्यात आधी सव्वा रुपया आणि अख्खी सुपारी मीच ठेवली होती. कुठल्याही शुभकार्याची सुरुवात आमच्याकडे त्यानेच. माझं लग्नसुद्धा तसंच ठरलं. वडिलांनी सासऱ्यांच्या हातावर सव्वा रुपया आणि सुपारी ठेवली, सोयरीक पक्की! "सव्वा रुपयात पडली ही मला," असं हे अजून पाहुण्यांना सांगतात. मी म्हणते, "सुपारी धरायची राहिली. तीही वसूल करा."

असो. टीपेचं सांगते.

*

बिल जायचं बडीशेपेच्या बशीतून. गिऱ्हाईक पैसे देणार, सुटे परत येणार, त्यातलं जे बडीशेपेत राहील ती टीप. ती ज्याची त्याने खिशात घालायची नाही, असा ह्यांचा नियम. काउंटरवर तुपाचा एक रिकामा डबा होता, सगळं त्यात टाकायचं आणि संध्याकाळी सारखी वाटणी.

आमच्याकडे सोन्याच्या दुकानवाले एक शेठ यायचे. सहकुटुंब यायचे, सहकुटुंब जेवायचे आणि जाताना बशीतली बडीशेप कागदाच्या पुडीत बांधून न्यायचे. मागे राहायची रिकामी बशी. इतकी स्वच्छ की धुवायचं काम नाही!

तेच शेठ देवळाला मात्र सढळ हाताने द्यायचे. महादेवाच्या तिसऱ्या पायरीवर त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी होती. दर सोमवारी त्यांच्या नावावर पाय देऊनच मी देवाकडे जायची.

एकदा मी म्हटलं, "देवाला एवढं देतात, म्हणजे माणूस चांगला आहे हो. आज ना उद्या तुम्हालाही देतील."

सत्तारभाई म्हणाले, "वहिनी, तुम्ही बशीवर त्यांचं नाव कोरून घ्या. आजच देतील!"

*

सत्तारभाईंचं स्वतःचं एक शास्त्र होतं. "पहिल्या पेगला माणूस गिऱ्हाईक असतो. दुसऱ्याला भाऊ. तिसऱ्याला राजा. चौथ्याला रडतो. बिल द्यायचं राजा असताना. रडणाऱ्याचे डोळे पुसायला आपलाच रुमाल जातो!"

फैजपूरकडचे एक केळीवाले अण्णा होते. राजा झाले की बशीत मोठी नोट टाकायचे आणि सकाळी शुद्धीवर आले की धोतर सावरत परत यायचे. "सत्तार, रात्री माझ्या हातून काही पडलं का रे इथं?"

सत्तारभाई नोट काढून द्यायचे. अण्णांना एकदम भरून यायचं. "असा इमानदार माणूस तालुक्यात नाही!" म्हणत ते खिशात हात घालायचे आणि इमानदारीबद्दल बक्षीस द्यायचे. चार आणे!

आमच्या ह्यांनी विचारलं, "दर वेळी नोट परत का देतोस? नाही पडली म्हण."

"भाऊ, नोट एकदाच मिळेल," सत्तारभाई म्हणाले. "अण्णा रोज येतात."

*

आता एकनाथ. फॅमिली सेक्शनचा वेटर, पारोळ्याच्या बाजूचा. रंगाने सावळा, बोलायला लाजरा, हाताला चटपटीत. पारोळ्यातल्या एका आबांची मुलगी त्याच्या मनात होती. मुलीच्याही मनात हा होता. आबांना एवढंच ठाऊक होतं, की पोरगा जळगावला 'हॉटेल लाइनमध्ये' आहे. ते बहुतेक त्याला मालकच समजत होते. एकनाथनेही समज दूर करायची घाई केली नाही.

ती घाई केली आमच्या मिलिंदने.

मिलिंद माझ्या नणंदेचा मुलगा. पुण्याहून हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा घेऊन मे महिन्यात आमच्याकडे आला, तोही टाय लावून! जळगावच्या त्या उन्हात विमा विकणारेसुद्धा टाय खिशात ठेवायचे. आल्या आल्या त्याने वेटरांना ओळीने उभं केलं. "टीप मागायची नसते. टीप निर्माण करायची असते! पहिला नियम, टेबलावर जाऊन हसून आपलं नाव सांगायचं."

एकनाथ गेला. टेबलावर धोतर-टोपीतले चौघे गावकरी. "नमस्कार. मी एकनाथ. आज मी तुमच्या सेवेत आहे."

चौघांनी मेनूकार्ड खाली ठेवलं. "एकनाथ कोन? कोनता गावना शे तू? कोना पोऱ्या शे?"

गाव निघालं. वडील निघाले. मामा निघाले. पाणी यायच्या आत नातं निघालं, त्यातल्या एकाच्या साडूचा हा पुतण्या! मग काय, त्यालाच ओढून खुर्चीवर बसवलं, पाठीवर थापा मारल्या, घरच्यांची खुशाली विचारली. जाताना एकाने बशीत रुपया टाकला तर दुसऱ्याने उचलून त्याच्याच खिशात परत कोंबला. "घरना पोऱ्याले बक्षीस देस का? लाज वाटू दे!"

टीप गेली ती गेलीच. पण चौघांतला एक पारोळ्याच्या आबांचा शेजारी होता. आठ दिवसांत आबांचा निरोप आला, "हात पसरनाराले मी पोर देवाव नही."

एकनाथ माझ्या ओट्यापाशी बसला. चहा तसाच निवला. मी म्हटलं, "मी श्रावणात सोळा सोमवार धरते आहे. तुझ्यासाठी धरते. होईल सगळं नीट."

"वहिनी," तो म्हणाला, "तोवर मिलिंदभाऊंना पुण्याला पाठवता येईल का?"

*

नाही पाठवता आलं. दुसरा नियम आला. गिऱ्हाईकाच्या डोक्यावर उभं राहायचं नाही. टेबलाशेजारी गुडघे वाकवून बसायचं आणि डोळ्याला डोळा भिडवून ऑर्डर घ्यायची. म्हणे त्याने आपलेपणा वाटतो.

पहिल्याच टेबलाला एक म्हातारे बाबा होते. एकनाथ शेजारी वाकून बसला. बाबांनी चटकन पाय पुढे केले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला, "औक्षवंत हो बाळा," म्हणाले, शेवभाजी खाल्ली आणि निघून गेले. बशीत फक्त बडीशेप.

मी म्हटलं, "अरे, आशीर्वाद काय कमी झाला?"

"किराणावाला घेत नाही, वहिनी!"

तिसरा नियम होता ऑर्डर जशीच्या तशी परत म्हणून दाखवायचा. तो एका जेवणात संपला. "एक भरीत, दोन कळण्याच्या भाकरी," गिऱ्हाईक म्हणालं. "एक भरीत, दोन कळण्याच्या भाकरी," एकनाथ म्हणाला. गिऱ्हाईक म्हणालं, "कमी ऐकू येतं का रे? दुसऱ्याला पाठव."

*

शेवटी न राहवून मी माझा नियम सांगितला. टीप ठेवतो पुरुष, पण राहते ती बाईच्या मर्जीने. हे मला ठाऊक, कारण मी स्वतः तेच करत आलेय. हे एकदा नाशिकला हॉटेलात पाच रुपये ठेवून हात धुवायला गेले आणि मी ते उचलून आठ आणे ठेवले. त्या आठ आण्यांतही मला चुकल्यासारखंच झालं होतं!

म्हणून एकनाथला म्हटलं, "साहेबांना सोड. लेकराला न मागता बिनतिखटाचा वरण-भात आण. म्हाताऱ्या बाईला कोमट पाणी दे. तिला दात नसतील तर भाकरी दुधात कुस्करून आण. बाईला चार घास शांतपणे खाता आले, की ती नवऱ्याने ठेवलेले पैसे उचलत नाही."

महिन्याभरात डबा जड झाला. मिलिंदने डबा हलवून पाहिला आणि सगळ्यांना म्हणाला, "बघा! डोळ्याला डोळा भिडवल्याचा परिणाम!"

*

माझा शेवटून दुसरा सोमवार होता. दिवाळी नुकतीच झालेली. दिवसभराचा उपास मी संध्याकाळी सोडते, आणि मुक्याने. पानावर बसल्यापासून हात धुवेपर्यंत चकार शब्द नाही. बोललं की व्रत मोडलं, पुन्हा पहिल्यापासून. ह्यांना तो माझा सगळ्यात आवडता नेम.

त्या दिवशी पारोळ्याचे आबा आले. सांगून नाही, सवरून नाही. बरोबर त्यांच्या थोरल्या बहीण, अक्का. बसले ते नेमके एकनाथच्या टेबलावर.

एकनाथ आधी मागे परमिट रूममध्ये पळाला. सत्तारभाईंना म्हणाला, "मला हात पसरायला लावायला आलेत ते! आज ह्यांनी शंभराची नोट दिली तरी शिवणार नाही!"

आबांनी परीक्षा घ्यायचं ठरवूनच यावं तसं चाललं होतं. भाकरी जाड म्हणून परत. दुसरी पातळ म्हणून परत. पाणी गार नाही. शेवभाजीत शेव मऊ. एकनाथ आणत होता, नेत होता. अक्कांना दात नाहीत हे मात्र त्याने त्या बसल्या तेव्हाच पाहिलं होतं. कोमट पाणी, दुधात कुस्करलेली भाकरी, वर साखर. अक्का पोटभर जेवल्या.

बिलाचे पैसे दिल्यावर आबांनी कमरेची पानाची चंची सोडली आणि मूठ पुढे केली. "धर."

एकनाथने दोन्ही हात पाठीमागे नेले. "मी हात पसरत नाही, आबा."

आबांनी अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी मान डोलावली. आबांनी मूठ बशीत रिकामी केली आणि दोघं एस.टी. स्टँडकडे निघाले.

हे सगळं मला नंतर कळलं. मी तेव्हा पानावर. दुसरा घास हातात होता. मधलं दार धाडकन उघडलं आणि एकनाथ बशी घेऊन आत. मागे सत्तारभाई, त्यांच्या मागे आमचे हे.

"बघा वहिनी! एवढं छळलं आणि हे! एक रुपया, वर चार आणे! आणि सुपारी, तीसुद्धा न फोडलेली! चावायला गेलो तर दात पडेल! हे आत्ताच्या आत्ता त्यांच्या हातावर परत ठेवून येतो. पारोळ्याची गाडी अजून लागलेली असेल!"

हातातला घास मी पानात टाकला. मी डावा हात जोरजोरात हलवला.

"तिला पाणी द्या," हे म्हणाले.

मी मान हलवली. बशीकडे बोट केलं.

"वहिनींना मीठ पाहिजे," म्हणत सत्तारभाईंनी मिठाची बरणी पुढे ठेवली.

एकनाथने एक चप्पल पायात घातली. मी कपाळाला हात लावला, कुंकवाला बोट लावलं, देवघराकडे बोट केलं, पुन्हा बशीकडे. हे म्हणाले, "देवाला मीठ? आज काहीतरी वेगळाच नेम दिसतो."

एकनाथने दुसरी चप्पल घातली आणि उंबऱ्यापाशी पोचला.

देवा महादेवा, पंधरा सोमवारांची तूच काय ती काळजी घे! मी उष्ट्या हाताने उठले, त्याची कॉलर धरली आणि कोंडलेला आवाज एकदम काढला.

"मेल्या, खाली ठेव ती बशी! पायातल्या चपला काढ, हात धू, आणि देवघरातून हळद-कुंकू आण आधी!"

एकनाथने बशी ओट्यावर ठेवली. सत्तारभाईंनी बशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढून पुन्हा नीट घातली. हे स्टुलावर बसले. बशीकडे बघत हळूच म्हणाले, "अरे! हाच तो भाव!"

कोणी काही बोलायच्या आत काउंटरवरून मिलिंदचा आवाज आला.

"एकनाथ! आत काय लपवतोस? टीप मिळाली ना? डब्यात टाक! वाटणी सगळ्यांची सारखी!"