रंगराव आणि विजेत्यांची पाटी

आकुर्डीच्या माळावर आमची गुरं चरायची. तिथं एका क्लबानं इंग्रजांच्या काळात गोल्फचं मैदान केलं आणि १९५२ पासून दर भाद्रपदात मोठी स्पर्धा भरवायला लागले. हौशी साहेब यायचे, खेळावरच पोट असलेले पट्टीचे खेळाडूही यायचे. जिंकणाऱ्याचं नाव क्लबातल्या शिसवी पाटीवर सोनेरी अक्षरांत चढायचं.

त्या पाटीचा खरा इतिहास क्लबाला ठाऊक नाही. मला आहे, कारण रंगराव माझा शेजारी. पहिल्या वर्षी कलकत्त्याचा एक पट्टीचा खेळाडू जिंकला. त्याच्या काठ्यांची पिशवी रंगरावाच्या खांद्यावर. ५३ आणि ५४ ला बागायतदार नानासाहेब. पिशवी रंगरावाच्याच खांद्यावर. ५५ ला पलटणीतला एक मेजर, खांदा तोच. वारा बघायचा रंगराव, काठी निवडायचा रंगराव. रोजच्या खेळात साहेबानं "रंगा, बॉल!" म्हटलं की चिखलातला बॉल उचलून, सदऱ्याला पुसून हातात द्यायचा तोही रंगरावच. साहेबलोक त्याला रंगा म्हणत. मी राव लावतो आणि लावणार.

"एकदा त्या पाटीवर माझं नाव लागू दे," तो म्हणायचा, "मग मेलो तरी चालंल."

त्याची बायको गोजाबाई भाकरी थापता थापता म्हणायची, "अन् तुमास्नी वाचाया येतं व्हय?"

"मला न्हाई येत. नानासाहेबाला येतं की!"

५६ साली त्यानं स्वतःचं नाव दिलं. नियमात आडकाठी नव्हती. कुणाला सुचलंच नव्हतं. साहेबांनी टाकून दिलेल्या चार काठ्या घेऊन हा गडी एकेकाला लोळवत अंतिम सामन्यात पोचला. समोर नानासाहेब. एकास एक, खड्डे अठरा; कमी फटक्यांत बॉल घालेल त्याचा खड्डा.

सतरा खड्डे झाले, दोघं बरोबरीत. अठराव्यावर दोघांचे तीन-तीन फटके झालेले. रंगरावाचा बॉल खड्ड्यापासून वीतभर. नानासाहेबांचा पाच पावलांवर, आणि चिखलानं एका बाजूनं लडबडलेला. तसा बॉल सरळ जात नाही, हे रंगरावाइतकं कुणाला कळणार? नानासाहेबांचा नवा पिशवीवाला निशाण धरून लांब उभा होता.

नानासाहेब वाकून बघत म्हणाले, "रंगा, बॉल!"

आणि रंगरावानं उचलला. सदऱ्याला पुसला. अदबीनं हातात दिला.

आम्ही दोरीपाशी उभे. माझ्या तोंडून शिवीच गेली. क्लबाच्या सेक्रेटरीनं हात वर केला: प्रतिस्पर्ध्याच्या बॉलला हात लावला, एक फटका दंड. नानासाहेबांनी बॉल जागेवर ठेवला आणि मारला. पुसलेला बॉल सरळ खड्ड्यात गेला. रंगरावाचाही गेला, पण त्याचे झाले पाच, त्यांचे चार.

मी सेक्रेटरीला गाठलं. "हा डाव आहे!" तो शांतपणे म्हणाला, "नियम वाचा." वाचला. शब्दकोश मांडीवर घेऊन तीन दिवस वाचला. नियम बरोबर होता. शिवी द्यायलाही जागा ठेवली नव्हती भडव्यांनी.

"नानासाहेबानं मुद्दाम केलं," मी रंगरावाला म्हणालो. "आपण अर्ज करू."

"त्यांच्या तोंडातनं सवयीनं गेलं असंल, राव."

"आणि तुझ्या हातातनं?"

तो तळहाताकडं बघत राहिला. "त्यो माझा हात न्हवताच," म्हणाला. "वीस वरसं त्यांचाच हाय."

मी अर्ज केलाच, त्याला न विचारता. उत्तर आलं ते असं, की पुढच्या वर्षी प्रवेशाच्या कागदावर एक ओळ वाढली: पिशवीवाल्यांना खेळता येणार नाही. आधी निदान कुणाला सुचलं नव्हतं. माझ्या अर्जानं सुचलं.

५७ ला पुन्हा नानासाहेबच जिंकले. मी दोरीपाशी होतो. शेवटचा बॉल खड्ड्यात पडला, टाळ्या झाल्या. रंगराव पिशवी सावरत वाकला, बॉल काढला, सदऱ्याला पुसला आणि त्यांनी मागायच्या आत हातावर ठेवला.