दोन्ही चाकं ओढली पाहिजेत

गॅरेजात जे जे साठतं त्याची काही ना काही सोय होते. भंगार भंगारवाला नेतो, काळं तेल तेलवाला नेतो, रिकामी खोकी शेजारचा चहावाला मागून नेतो. किस्से मात्र कोणी नेत नाही! ते माझ्याकडेच पडून राहतात, कारण दुकानात हात स्वच्छ असणारी मी एकटीच. फोन मी घेते, गिऱ्हाइकाला खुर्ची मी देते, आणि गाडीखालची मंडळी कामात असली की गिऱ्हाईक बोलतं ते माझ्याशीच.

कळंबोलीत, लोखंड बाजाराच्या मागच्या रस्त्याला आमचं वर्कशॉप आहे. पिकअप गाड्यांच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये मधोमध जो गोल फुगवटा दिसतो ना, त्याच्या आत डिफरन्शियल असतं. ते दुरुस्त करायचं, नाहीतर काढून त्याहून चांगलं बसवायचं, एवढंच आमचं काम. माझे यजमान दिलीपराव, त्यांचे पार्टनर उस्मानचाचा आणि फिटर मंगेश. चाचा मूळचे पनवेलचेच. तरुणपणी मस्कतला गेले, वाळवंटात चालणाऱ्या गाड्यांवर हात बसला, आणि दाढी पांढरी झाल्यावर परत आले. घसरणाऱ्या चाकाबरोबर दुसऱ्यालाही ओढायला लावणारं ते लिमिटेड स्लिपवालं डिफरन्शियल आमच्या दुकानात आणलं ते त्यांनीच.

*

हे लिमिटेड स्लिप म्हणजे काय, ते गिऱ्हाइकाला समजावणं मोठं अवघड. चाचांनी त्यावर एक युक्ती काढली होती.

एकदा उरणहून चांगुणाबाय आल्या. मासळीचा धंदा, दोन मुलगे, एक पिकअप. जेट्टीजवळच्या चिखलात गाडी सारखी रुतते ही तक्रार. चाचांनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि सुरुवात केली.

"बघा बाय, साधं डिफरन्शियल म्हणजे आई. दोन चाकं म्हणजे दोन पोरं. त्यातलं जे घसरलं, वाया गेलं, आईचा सगळा जीव त्याच्यावरच! ते चिखलात गरागरा फिरतंय, आणि दुसरं शहाणं पोरगं बिचारं उभंच. आणि हे नवीन डिफरन्शियल म्हणजे बाप. तो म्हणतो, एक घसरला तरी दुसऱ्यानं ओढायचं. चला, दोघं मिळून!"

चांगुणाबायनी सगळं नीट ऐकलं. मग उठल्याच.

"मंग आमच्या गारीला आयच र्‍हाऊ दे."

"अहो पण बाय, गाडी रुतेल!"

"रुतू दे. घसरलेल्याला आय नाय बघणार त कोन बघेल?"

आणि गेल्या! चाचा हातात फडकं घेऊन रस्त्याकडे बघत राहिले. चांगुणाबायचा थोरला मुलगा दारूपायी घर सोडून गेला होता, हे आम्हाला मागाहून कळलं.

पावसाळा संपता संपता त्यांचा फोन आला. मी उचलला. मागे जेट्टीवरचा कालवा, आणि त्यात त्यांचा खणखणीत आवाज.

"वयनी, चाचांना सांगा, थोरला घरी आलाय. धाकल्यासंगती गारीवर जातो आता. आय बास झाली. आता बाप बसवा!"

*

डिफरन्शियलचा बिघाड आवाजावरून कळतो. म्हणून फोनवर मी पहिला प्रश्न विचारते, "आवाज कसा येतो, काढून दाखवता का?" लोक लाजतात, पण काढतात. कोणी "घर्रर्र", कोणी "कटकटकट".

एका साहेबांनी ऑफिसातून फोन केला होता. वीकएंडला पिकअप घेऊन डोंगरात जायची हौस. मी विचारलं, त्यांनी हळूच "हूं" केलं.

"एवढाच?"

"नाही, ऐंशीच्या पुढे वाढतो."

"मग ऐंशीच्या पुढचा काढा ना!"

साहेबांनी मन घट्ट केलं आणि लांबलचक "हूंऽऽऽऽ ऊंऽऽऽ" काढलं. चढत्या सुरात! पिनियनचं, म्हणजे आतल्या छोट्या दातेरी चाकाचं, बेअरिंग गेलंय हे मला तिथेच कळलं. तेवढ्यात फोनमध्ये साहेबांच्या मागून एक घाबरा आवाज आला.

"सर, डॉक्टरांना बोलावू का?"

*

मंगेशचं लग्न ठरता ठरत नव्हतं. मुलगा कामाचा, देखणा, पण "गॅरेजात आहे" म्हटलं की पुढचं बोलणं थांबायचं. शेवटी मध्यस्थबाईंनी शब्द बदलला. नवीन पनवेलच्या एका घरी त्यांनी सांगितलं, "मुलगा डिफरन्शियलमध्ये आहे."

मुलीचे वडील कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांना काय वाटलं असेल, सांगा! दारात उभं राहून स्वागत. मंगेशच्या बाजूनं मी आणि दिलीपराव गेलो होतो. पोह्यांच्या आधीच सरांनी विषय काढला.

"डिफरन्शियल म्हणजे उत्तमच. आणि इंटिग्रेशन?"

मंगेश प्रामाणिक मुलगा. म्हणाला, "ते आम्ही करत नाही सर. ते शोरूमवालेच करत असतील."

दिलीपरावांनी घसा साफ केला आणि गाडीचं मागचं अ‍ॅक्सल, क्राऊन, पिनियन सगळं सरळ सांगून टाकलं. मी पर्स आवरायला घेतली. मध्यस्थबाई छताकडे बघत होत्या. मंगेशचा चेहरा तर असा उतरला, की तिथेच त्याचा हात धरून बाहेर आणावं असं मला वाटलं.

तेवढ्यात आतल्या दारातून हसू ऐकू आलं. मुलगी, अनघा, पोह्यांचा ट्रे तसाच धरून हसत होती. हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "बाबा, हे बरं झालं! घरात एक गणित पुरे."

लग्न झालं. सर आता निवृत्तीचा वेळ काढायला आमच्याकडे येऊन बसतात. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी टेबलावरच्या क्राऊनचे, म्हणजे मोठ्या दातेरी चाकाचे, दात मोजले. मग पिनियनचे मोजले. आणि उभेच राहिले!

"एक्केचाळीस आणि अकरा. दोन्ही मूळ संख्या! म्हणजे तोच दात त्याच दाताला लवकर भेटायचाच नाही. झीज सारखी होणार. वा! कोणी काढलं हो हे?"

चाचा गाडीखालूनच म्हणाले, "ज्याने संख्या काढल्या, त्यानेच."

सर त्या दिवशी आमच्याकडेच जेवले.

*

मध्यंतरी दिलीपराव आणि चाचांचं भांडण झालं. कारण काय, तर कर्नाळ्याच्या बाजूच्या एका नर्सरीवाल्याला गिअर रेशो कुठला द्यायचा! एक म्हणे ओढ वाढवा, दुसरा म्हणे पळ राखा. शब्दानं शब्द वाढला आणि दोघांचं बोलणं बंद. पण काम तर एकाच छपराखाली!

"वहिनी, त्यांना सांगा, जॅक इकडे हवाय."

"अगं, त्यांना सांग, जॅक मी वापरतोय."

दोघं हातभर अंतरावर, आणि निरोप्या मी! घरी आले तरी तेच. दिलीपराव जेवताना विचारणार, "तो आज डबा नीट खात होता का?" दुसऱ्या दिवशी चाचा विचारणार, "त्याची बीपीची गोळी चालू आहे ना?" एकमेकांना विचारा म्हटलं की दोघांचीही मान दुसरीकडे.

एक दिवस मंगेश रजेवर होता आणि टेबलावर डिफरन्शियल उघडं होतं. क्राऊन आणि पिनियनच्या दातांमध्ये केसाएवढी फट ठेवावी लागते. ती मोजताना एकानं क्राऊन हलवायचा, दुसऱ्यानं डायलवरचा काटा वाचून सांगायचं. एकट्याचं काम नाही आणि मुकाट्यानंही होत नाही. मी मुद्दाम पिशवी उचलली, "भाजी घेऊन येते" म्हणाले आणि गेले. भाजी घेतली, देवळात जाऊन आले, ओळखीच्या दोघीतिघींशी बोलले.

परत आले तर आतून दोघांचा हसण्याचा आवाज! मला इतकं बरं वाटलं की दाराशीच थांबले.

चाचा म्हणत होते, "दिलीप, वहिनी हल्ली फार बोलतात, नाही?"

"फारच!" आमचे दिलीपराव म्हणाले.

*

सुकापूरचे म्हात्रेकाका हळू आवाजाचे. मुलगा प्रतीक पिकअपवर मालाची ने-आण करायचा. काका एकटेच गाडी घेऊन आले.

"गिअर असा बसवा का ओढ चांगली हाय, पन गाडी जास्त पलनार नाय. पोराला सांगू नका."

तसं करता येतं. क्राऊन-पिनियन बदलून रेशो वाढवला की चढाला गाडी जोर धरते, सपाटीला मात्र पळत नाही. पण मुलाची गाडी त्याला न सांगता बदलायची? दिलीपराव कां-कूं करायला लागले. तेव्हा काकांनी सांगितलं. प्रतीकच्या आधीचा एक मुलगा होता. एक्स्प्रेसवेवर गेला. आता प्रतीक घरी येईपर्यंत ते ओटीवर बसून असतात.

चाचांनी दिलीपरावांच्या हातातला पाना घेतला आणि स्वतः गाडीखाली शिरले.

पुढच्याच आठवड्यात प्रतीक दारात हजर! मी मनात म्हटलं, आता भांडण. चाचांनीच विचारलं, "काय रे, जुना गिअर परत बसवायचा?"

"नाय चाचा. मला पयल्याच दिवशी कललं. सत्तरच्या वर गाडी रडते."

"मग?"

"र्‍हाऊ दे. बाबा जेवून झोपतात आता. मी यायच्या आधी."

चाचांनी पाना खाली ठेवला. प्रतीकच पुढे हसत म्हणाला, "आनि स्पीडच्या काट्याची वायर गिअरबॉक्सातून हाय ना, मागचा गिअर बदललेला तिला म्हाईत नाय, म्हनून काटा जास्तच दाखवतो. गाडी सत्तरला, काटा नव्वदला! दोस्तांना मी काटा दाखवतो, बाबांना गाडी दाखवतो. फक्त त्यांना सांगू नका, मला म्हाईत हाय म्हनून."

म्हात्रेकाकांना आम्ही अजून सांगितलेलं नाही.

*

आणि हा चाचींचा किस्सा.

चाचींचं नाव जुबेदा. लग्नानंतर महिन्याभरात चाचा मस्कतला गेले. अधूनमधून सुट्टीला यायचे, पण सगळी जवानी चाचींनी पनवेलच्या घरात सासू-सासरे आणि दीर-नणंदांत काढली. तेव्हा फोन महाग. चाचा कॅसेटमध्ये आवाज भरून पाठवायचे. कॅसेट आली की सगळं घर टेपभोवती बसायचं.

चाची मला एकदा म्हणाल्या होत्या, "सगळ्या घरासमोर माणूस बायकोला काय सांगणार, बेटा? मग हे वाळूचं सांगायचे. आज गाडी वाळूत रुतली, अशी काढली, तशी काढली. सासरे कंटाळून उठून जायचे. मी शेवटपर्यंत ऐकायची."

गेल्या हिवाळ्यात आमच्या दुकानाच्या स्वतःच्या पिकअपला चाचांनी लिमिटेड स्लिप बसवलं. दिलीपराव म्हणाले, "ट्रायल घ्यायची तर कळंबोलीत वाळू कुठली?"

"उरणला जाऊ," चाचा म्हणाले. मग पान्याचं ग्रीस पुसता पुसता, आमच्याकडे न बघता, "तुमच्या चाचींनाही घेऊ. घरी बसून कंटाळते."

रविवारी सकाळी निघालो. चाचा आणि चाची पुढे, मी आणि दिलीपराव मागे हौद्यात सतरंजी टाकून. मधली काच सरकवलेली, त्यामुळे पुढचं सगळं ऐकू येत होतं. पण पुढे कोणी बोलतच नव्हतं! चाची नवी ओढणी घेऊन, दाराचं हँडल घट्ट धरून बसल्या होत्या.

मासळीच्या गाड्या बोटींपाशी उतरतात त्या वाटेनं चाचांनी पिकअप वाळूत घातली. थोडं पुढे जाऊन सुकी आणि ओली वाळू मिळते तिथे मुद्दाम थांबवली, आणि परत हलवायला गेले तर मागची चाकं खाली! गाडी रुतली. बोटींवरची चार माणसं धावत आली आणि धक्का द्यायला लागली.

"धक्का नको! बाजूला व्हा!" चाचा ओरडले. उतरले, टायरमधली थोडी हवा सोडली, हातानं वाळू बाजूला केली आणि खिडकीपाशी येऊन म्हणाले, "जुबेदा, वाकून मागे बघ. हे चाक सुक्या वाळूत आहे, ते ओल्या. दुसरी गाडी असती तर हे एकटं फिरत बसलं असतं. आता बघ."

चाचींनी मान बाहेर काढली.

चाचा आत बसले. गाडी थरथरली, क्षणभर आणखी खाली बसली, आणि मग दोन्ही चाकांनी एकदम वाळू धरली. हळूहळू, अजिबात घाई न करता, गाडी वर आली आणि पाण्याजवळच्या कडक वाळूवर जाऊन उभी राहिली. बोटींवरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. दिलीपरावांनी हौद्यावर थाप मारली. चाचांनी कपाळ पुसलं आणि चाचींकडे बघितलं.

चाचींनी ओढणी सारखी केली. मागे वाळूत उमटलेल्या दोन चाकोऱ्या बराच वेळ बघितल्या.

मग म्हणाल्या, "बरं. आता परत रुतवा."