दाराकडे तोंड केलेलं तबक

आधी नाव घेते, मग झालं ते सांगते. जपानात आमचं बिऱ्हाड मांडलं गेलं ते इवामोतोबाईंमुळे. तोक्योच्या फुनाबोरी भागातल्या त्यांच्या दुमजली लाकडी घरात त्या खाली राहायच्या, आम्ही वर. म्हणून आम्हा नवराबायकोत त्यांचं नाव 'खालच्या बाई'. तोंडावर मात्र आदराने इवामोतो-सान. आता त्या नाहीत, ते घरही नाही, पण आमच्या बोलण्यात त्या अजून खालीच राहतात.

बाई घर सजवायच्या ते घरात राहणाऱ्यासाठी नाही, बाहेरून येणाऱ्यासाठी. दार उघडलं की आत चपला काढायची जागा, तिथे चपलांचं बुटकं कपाट, आणि त्यावर काळ्या लाखेचं एक तबक. त्यात त्या ऋतूची मांडणी करायच्या. शरदातल्या तबकावर त्यांचा सगळ्यात जास्त जीव. पांढऱ्या तुऱ्यांचं सुसुकी गवत, काटेरी टरफलातले चेस्टनट, टोपी घातलेल्या सुपाऱ्या दिसाव्यात अशा डोंगुरी नावाच्या बिया, टोमॅटोसारखं दिसणारं, काकी नावाचं एखादं अर्धवट पिकलेलं फळ. आणि हे सगळं दाराकडे तोंड करून. घरातून पाहिलं तर गवताची पाठ दिसायची, फळाचा डागाळलेला भाग आणि तबकाचा टवका उडालेला काठ.

एकदा मी न राहवून म्हटलं, "तुम्हाला तर सगळी मागचीच बाजू दिसते."

"मला माहीत आहे ना कुठला ऋतू चाललाय ते," बाई म्हणाल्या. "येणाऱ्याला कुठे माहीत असतं?"

येणारं कोण, हे मी तेव्हा विचारलं नाही. त्यांच्याकडे कुणी येतच नसे. मीटर बघणारा माणूस, लांब राहणारी एक पुतणी, आणि मी.

आम्हाला ते घर मिळालं तीही गंमतच. आमचे हे निशी-कासाईतल्या एका भारतीय हॉटेलात तंदूरवर. मी आठवीतून शाळा सोडलेली, सांगलीला पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटणारी. घर दाखवणारा एजंट प्रत्येक ठिकाणी फोन लावून आधी एकच विचारायचा, "परदेशी आहेत, चालतील का?" आणि मग फोन ठेवून आमच्यापुढे मान लववायचा. भाषा न येताही त्या मान लववण्याचा अर्थ मला कळायला लागला होता. बाईंच्या दाराशी गेलो तेव्हा पाऊस पडत होता. आपल्या सवयीने मी चपला उंबऱ्याबाहेरच काढल्या, पावसात. इथे त्या आतल्या जागेत काढतात, हे मला ठाऊक नव्हतं. एजंट कानकोंडा झाला. बाईंनी भिजलेल्या चपला स्वतः उचलून आत घेतल्या, वर्तमानपत्राच्या बोळ्यांनी कोरड्या केल्या आणि त्याला म्हणाल्या, यांनी मला मागून अर्थ सांगितला, "जी माझी फरशी एवढी जपते, ती माझं घर जाळणार नाही."

घर जाळण्याचीच भीती मला सगळ्यात जास्त. लाकडी घर, वर माझी शेगडी. स्टेशनपर्यंत जाऊन मी परत यायचे, गॅसचा खटका बघायला. शेवटी बाई खिडकीतून ओरडायच्या, "सुनंदा-सान, बंद आहे! मी बघितलाय! गाडी चुकेल तुझी!" खरं तर त्यांनी बघितलेलाही नसायचा, गुडघ्यांमुळे त्या जिना चढत नसत. पण त्यांच्या तोंडून ऐकलं की माझे पाय पुढे पडायचे. शेजारच्याने फोडणीच्या वासाची तक्रार केली तेव्हा मी मनात सामान बांधायलाच घेतलं. आता बाहेर काढणार! बाईंनी त्याला दारातच सांगितलं, "हा आमच्या घराचा वास आहे." 'तिच्या' नाही म्हणाल्या, 'आमच्या' म्हणाल्या. त्या दिवशी यांना मी चारदा तेच सांगितलं. हे म्हणाले, "बरं बरं, ऐकलं मी. आता जेवायला वाढ."

तबक मांडायला त्यांनी मलाही बसवलं. शिकवणं असं काही नाही, मी मांडायचे आणि त्या बघायच्या. मला आपली भरगच्च सवय. गौरीपुढे मांडल्यासारखं सगळं ठासून. बाई बराच वेळ बघायच्या आणि म्हणायच्या, "छान. आता एक काढून टाक." मी डोंगुरी काढली की, "ती नाही. जी तुला सगळ्यात आवडली ती." मी कुरकुरायचे. "का पण?" "येणाऱ्याने काही आणलं, तर ठेवायला जागा नको का?"

दरवेळी हेच. कुणी यायचं नाही, आणि ती रिकामी जागा ऋतूभर तशीच राहायची.

त्या जागेइतकीच मला भीती वाटायची सपातांची. कपाटाखाली, लाकडी पायरीवर, पुरुषी मापाचा सपातांचा एक जोड असायचा, निळा, तळवे झिजलेला. त्यांची टोकं घराच्या आत वळवलेली, आत येणाऱ्याने थेट पाय घालावेत अशी. बाई एकट्या. कुणी घालायचं नाही, तरी रोज पुसायच्या. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी मी खाली गेले की वाटायचं, त्यांत कुणीतरी उभं आहे, पाठमोरं, आणि आपण मध्ये आलोय. मी भिंतीला चिकटून आत जायचे.

एका शरदात चेस्टनट सोलता सोलता त्यांनीच सांगितलं. मुलगा होता. त्याच्या नोकरीत काहीतरी बिनसलं होतं, घरी बोलला नाही. रोजच्यासारखा "जाऊन येतो" म्हणून निघाला. आपल्याकडे कसं 'जातो' म्हणत नाहीत, तसंच. आणि आला नाही. पोलिसांत कळवलं, शोधलं, काही नाही. नवरा त्याच वाट बघण्यात गेला. बाईंनी दाराचं कुलूप कधी बदललं नाही, कारण जुनी किल्ली त्याच्याजवळ होती.

"अचानक आला तर?" त्या म्हणाल्या. "दार उघडल्या उघडल्या घराने त्याला सांगायला हवं, की बाबा, शरद लागलाय, आम्ही इथेच आहोत. मी झोपलेली असेन, आंघोळीला गेलेली असेन. तबक तर जागं असेल."

मी चेस्टनट सोलत राहिले. वर घड्याळ टिकटिकत होतं की कुणी चालत होतं, देव जाणे.

पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी बाई न्हाणीघरात पडल्या. कंबरेचं हाड मोडलं. अॅम्ब्युलन्समध्ये चढवतानाही माझं मनगट धरून एकच, "हिगानच्या आत तबक मांड. रिकामं राहू देऊ नकोस."

हिगान म्हणजे शरदातले ते दिवस, जेव्हा इथली माणसं आपल्या गेलेल्यांच्या थडग्यांवर जातात. शब्दाचा अर्थ पैलतीर. त्या वर्षी आपला पितृपंधरवडाही त्याच सुमाराला आला होता. मला तेव्हा एवढंच ठाऊक होतं की त्यातला एक दिवस इथे सुट्टीचा असतो आणि दुकानात लाल चवळीच्या पुरणात लपेटलेले भाताचे गोळे मिळतात.

मी नदीच्या बांधावर गवत आणायला गेले, आणि पाहिलं तर सगळा उतार लालभडक. पानं नाहीत, नुसते हिरवे दांडे आणि वर लाल फुलं, पाकळ्या मागे वळलेल्या, मधून लांब केसर निघालेले. देवीला वाहावीत अशी. माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. लाल म्हणजे कुंकू, लाल म्हणजे शुभ. बाई दवाखान्यात, नवरात्र तोंडावर. लाल फूल वाहायचं नाही तर कधी? इतकी सुंदर फुलं आणि कुणी एकही तोडलेलं नाही, याचं नवल वाटलं. त्या नवलाने थांबायला हवं होतं.

तबकात गवत, चेस्टनट, काकी, आणि मधोमध ती फुलं. एक वस्तू काढली, जागा ठेवली. दाराबाहेर उभी राहून फोटो काढला, येणाऱ्याला तबक दिसतं तसा, आणि बाईंना फोनवर पाठवला. उरलेली दोन फुलं घेऊन मी तोयोसुला गेले, तिथल्या एका टॉवरमध्ये राहणाऱ्या जोशीवहिनींकडे, पोळ्या करायच्या माझ्या कामाला.

दार त्यांच्या धाकटीने उघडलं. इथेच जन्मलेली. फुलं बघून ती मागे सरली आणि जपानीतच किंचाळली, "ती मेलेल्या माणसांची फुलं आहेत! घरात आणायची नसतात! घराला आग लागते!"

"ईशा, मावशींशी असं बोलतात का? मराठीत बोल!" आतून वहिनी. मग माझा चेहरा बघून त्या नरमल्या. "अहो सुनंदाताई, लक्ष नका देऊ. शाळेत काहीतरी ऐकून येतात. म्हणजे, ती थडग्यांपाशी लावतात हे खरंय, विषारीही असतात, पण आग वगैरे काय! पुण्याला लहानपणी आम्हीही नाही का चिंचेखालून जायला घाबरायचो?"

मी फोन काढून बघितला. फोटोखाली, बाईंनी तो पाहिल्याची खूण आली होती. उत्तर नव्हतं.

पोळ्या कशा झाल्या मला आठवत नाही. घरी येऊन खालचं दार उघडलं तर उन्हं तिरपी आत आलेली आणि फुलं अशी पेटल्यासारखी, त्यांची लाल सावली त्या निळ्या सपातांवर. ज्या माणसासाठी ही बाई एवढी वर्षं जिवंताचं तबक मांडत होती, त्याच्या वाटेवर मी मेलेल्याचं फूल ठेवलं होतं. हे म्हणाले, "फेकून दे आणि मोकळी हो." हात लावायला गेले, पण होईना. काढलं तर तबक रिकामं दिसणार, ठेवलं तर हे असं. वर जाऊन मी गॅस बघितला. बंद होता. परत बघितला. खिडकीतून ओरडणारं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले ते माफी मागायची जपानी वाक्यं घोकतच. पुतणी पलंगाशी उभी होती. मला बघताच तिने तोंडातून जोरात श्वास आत ओढला. इथली माणसं फार झालं की तेवढंच करतात. बाईंच्या हातात फोन होता, फोटो उघडलेला.

"आगीला घरात बोलावलंस?" त्या म्हणाल्या. आणि हसल्या. मी रडायलाच लागले. घोकलेलं सगळं विसरले.

"ऐक. या फुलाची आणि त्याच्या पानांची कधी गाठ पडत नाही. फूल गळल्यावर पानं येतात. मला लहानपणापासून माहीत आहे." त्या फोटोकडे बघत राहिल्या. "मला कुणी हे फूल आणून दिलं नसतं. सगळ्यांना रीत माहीत. मीही आणलं नसतं."

"मी आजच काढते, इवामोतो-सान."

"नको. राहू दे." मग अगदी हळू, "खूप वर्षं झाली गं. असता तर आला असता."

पुतणी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. बाईंनी मला विचारलं, तुमच्यात गेलेल्यांना काय ठेवतात? मी सांगितलं, भात, खीर, वडे. कावळ्याला पान ठेवतात. कावळा शिवला तर माणूस तृप्त. नाही शिवला, तर त्याचं काही मागे राहिलंय. मग घरातलं कुणीतरी पुढे होऊन वचन देतं, की तुझं राहिलेलं मी बघेन.

"आणि मग येतो?"

"येतो बहुतेक."

"तोक्योचे कावळे तर न बोलावताच येतात," बाई म्हणाल्या. "माझ्या मुलाला पान ठेव या वर्षी." डोळे मिटले आणि म्हणाल्या, "पुढे मला आणि त्याला मिळून एकच पान पुरेल."

त्या घरी आल्या नाहीत. थंडीत न्यूमोनिया झाला आणि गेल्या. घर पुतणीकडे आलं. आम्हाला तिने दोन गल्ल्या पलीकडे जागा बघून दिली आणि घर पाडलं. आवराआवर करताना तिने त्या निळ्या सपाता जळणाऱ्या कचऱ्याच्या पिशवीत टाकल्या होत्या. मी मागून घेतल्या. तबकही तिने दिलं. म्हणाली, "काकूने सांगितलं होतं." आता तिथे मोकळी जागा आहे, खडी पसरलेली, दोरी बांधलेली.

सगळे म्हणतात, तुझ्या त्या फुलाने बाई वाट बघण्यातून सुटल्या. मी मान हलवते. पण संध्याकाळी त्या खडीच्या कडेने येताना मी थबकते. समजा त्यांचा मुलगा जिवंत आहे. कुठल्याशा गावात, दुसऱ्या नावाने, खिशात ती किल्ली घेऊन. समजा एखाद्या शरदात निघालाच, तर तो उघडणार कुठलं दार? त्याच्या आईने त्याची आशा सोडली ती माझ्या अडाणी फुलावरून. म्हणून कोपऱ्यावरच्या तांदळाच्या दुकानात मी सांगून ठेवलंय, कुणी इवामोतोंचं घर विचारत आलं तर आमच्याकडे पाठवा. दुकानदार दरवेळी "हो हो" म्हणतो. मी दरवेळी पुन्हा सांगते.

यंदा पंधरवड्यात मी काकीच्या पानावर भात, खीर, वडा असं गॅलरीच्या कठड्यावर ठेवलं. हे मागून कुजबुजले, "अगं, कावळ्यांना खायला घातलं म्हणून बिल्डिंगवाले ओरडतील!" पण दिवा त्यांनीच लावला.

कावळा आला आणि समोरच्या तारेवर बसला. चांगला धिप्पाड. कचऱ्यावरची जाळी उचकटणारे हे कावळे, पण हा भाताकडे बघत होता आणि उतरत नव्हता. मी हात जोडले. मराठीतच बोलले, बाईंना आता कुठली भाषा अडणार?

"बाई, तबक मांडलंय. दाराकडे तोंड करून. मला सगळ्यात आवडलेलं काढून टाकलंय, जागा आहे. सपाता पुसून आत वळवून ठेवल्यात. गॅस बंद आहे. तो आला तर गरम वाढीन, काही विचारणार नाही. नाही आला, तर दरवर्षी तुमच्या पानात त्याचाही घास ठेवीन. तुम्ही मला दारातून आत घेतलंत. मीही कुणाला बाहेर ठेवणार नाही. फेडीन, बाई."