एका खेळाला एकच शिट्टी

अर्डिस लुंडे माझ्या टायरच्या दुकानात आली ती टायरसाठी नव्हे. मी हात पुसायला चिंधी शोधत होतो. तिनं गल्ल्याशेजारी चष्मा ठेवला आणि सांगितलं, तुझा कॉम्प्युटर चालू कर, मला शाळेच्या सामन्यांची पंच म्हणून नाव नोंदवायचंय.

मला हसू आलं. बाई साठीच्या पुढची. उभं आयुष्य शाळेची पिवळी बस चालवण्यात गेलेलं. आमच्या ब्रॉकेट गावातली दोन पिढ्यांची पोरं तिच्या आवाजाला घाबरून मोठी झाली. मागच्या सीटवर कुणी नुसतं सँडविचचा कागद उलगडला तरी ती आरशात न बघता नाव घेऊन ओरडायची. तिला पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टात मैदानावर धावताना मी मनात आणून पाहिलं आणि ते चित्र काही धड उभं राहीना.

"विन्स, दात काढून झाले असतील तर बटण दाब," ती म्हणाली.

तसं पाहिलं तर तिला नाही म्हणण्यासारखी आमची परिस्थितीच नव्हती. माँटानाच्या या पूर्वेकडच्या कोपऱ्यात गावं एकमेकांपासून तासतासभर लांब, शाळांत पोरं इतकी कमी की चेंडू बगलेत मारून पळायचा आमचा फुटबॉल आम्ही सहासहाच जण खेळतो. तेवढ्यासाठीसुद्धा पंच मिळत नाहीत. शनिवारची दुपार घालवायची, मानधन पेट्रोलात जायचं आणि वर पोरांच्या आयांच्या शिव्या खायच्या, एवढी हौस कुणाला आहे? आमची तुकडी चौघांची. पांढऱ्या टोपीचा मुख्य पंच गॉर्डी स्टाइल्स, मी, आमच्या चर्चचे पाद्री आणि चौथा अर्डिसचा नवरा हार्लन. हार्लन दोन हिवाळ्यांमागं दारातला बर्फ उपसताना गेला. तेव्हापासून चौथा माणूस आम्ही उसना आणत होतो, आणि यंदा तोही मिळेनासा झाला होता. चार पंच नसले तर सामने दुसरीकडं जाणार, हे राज्याच्या संघटनेनं आम्हाला कळवून टाकलं होतं.

पण अर्डिस हार्लनची जागा मागत होती. ती जागा घ्यायला गावातलं कुणीही धजावलं नव्हतं आणि त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं.

सहा वर्षांमागं आमच्याच मैदानावर, धान्याच्या उंच कोठारांच्या बाजूच्या अंगाला, कोल्टर क्विस्ट नावाचा पोरगा चेंडू घेऊन घुसला आणि दोघांच्या मिठीत सापडला. उभ्याउभ्याच अडकला. पोरगा पुढं सरकायचा थांबला की जवळच्या पंचानं शिट्टी मारायची, म्हणजे खेळ थांबतो आणि बाकीचे धावत येऊन त्याच्यावर आदळत नाहीत. जवळचा पंच हार्लन होता. त्यानं शिट्टी मारली नाही. तिसरा पोरगा डोकं खाली घालून धावत आला आणि आदळला. कोल्टर त्यानंतर कधी चालला नाही.

चौकशी झाली तेव्हा हार्लन एकच गोष्ट सांगत राहिला. शिट्टी वाजली होती, म्हणून मी वाजवली नाही. आमच्या गॉर्डीचा दंडकच तसा होता, एका खेळाला एकच शिट्टी. एक खेळ म्हणजे चेंडूची एक धाव, ती थांबवायला एकानं फुंकली की बाकीच्यांनी ओठ मिटून उभं राहायचं. चौघे तारेवर बसलेल्या चिमण्यांसारखे किलबिलायला लागले की पोरं गोंधळतात, असं त्याचं म्हणणं. पण त्या दिवशी आम्ही तिघांनीही शिट्टी फुंकली नव्हती. मैदानावरच्या एकाही पोरानं ती ऐकली नव्हती, प्रेक्षकांनीही नाही. कुणी म्हणालं, रिकाम्या कोठारात वारा शिरला असेल. बहुतेकांनी तेवढाही विचार केला नाही. माणूस चुकला, आता अंगावर आल्यावर गोष्ट रचतोय, असंच गावानं ठरवलं. पुढंपुढं ती म्हणच झाली. कुणी काम विसरलं, दुधाचं भांडं उतू गेलं, की विचारायचे, काय, हार्लनची शिट्टी ऐकली वाटतं?

हार्लननं पंचगिरी सोडली नाही, कारण सोडली असती तर ती कबुली ठरली असती. पण तो पार उतरला. कोल्टरच्या घरी गेला तर त्याच्या आईनं दार उघडलं नाही. कॉफीच्या टेबलावर तो बोलताबोलता थांबायचा, मान जराशी वळवायचा, आणि आम्ही आपले कपात बघत बसायचो.

तर अर्डिसची नोंदणी. पूर्वीचा अनुभव काय, या रकान्यात तिनं मला बस चालवली असं लिहायला लावलं. पोलिसांकडून चारित्र्याची तपासणी होणार म्हटल्यावर म्हणाली, होऊ दे, माझ्यावर एकच डाग आहे, मी एका मेंढीला मागं गाडी घेताना मारलंय. डोक्याला मार लागला तर काय करायचं, याची फिल्म बघणं सक्तीचं होतं. ती तिनं माझ्या दुकानात उभ्यानं बघितली. नियमांची परीक्षा पुस्तक समोर ठेवून द्यायची असते, तरी पहिल्या वेळी ती नापास झाली. दुसऱ्या वेळी काठावर पास झाली. ऑगस्टमध्ये शाळेच्या वाचनालयात नव्या पंचांचा वर्ग झाला, तिथं सगळी विशीतली पोरं आणि ही एक.

मी तिला सरळच सांगितलं होतं की हे हात दाखवून अवलक्षण आहे, लोक तुला हार्लनवरून बोलतील, सहन होणार नाही.

"मला बोलणी नवी नाहीत," ती म्हणाली. "मला तिथं उभं राहायचंय, तो उभा राहायचा तिथं. त्यानं काय ऐकलं ते ऐकायचंय."

"आणि काहीच ऐकू नाही आलं तर?"

तिनं चष्मा पुसला, लावला, परत काढला. "विन्स, मी त्याच्या शेजारी झोपत होते. रात्री उठून बसायचा आणि म्हणायचा, वाजली होती गं. मी म्हणायचे, झोप. एकदासुद्धा मी त्याला म्हटलं नाही की वाजली असेल. गावाचं सोड. मलाच खरं वाटलं नाही. तो खोटारडा मेला की खरा मेला, एवढं मला मरायच्या आधी कळायला हवं."

मी पावती छापून दिली.

सुरुवातीचे सामने बाहेरगावी झाले. अर्डिस वाईट पंच होती, हे कबूल करायला हवं. धावण्यात कमी पडायची, चूक दाखवायचा झेंडा फेकायची तो कधीकधी स्वतःच्याच पायावर. पण शिट्टी मात्र वेळेवर मारायची, आणि तिच्या एका ओरडण्यानं भांडणारी पोरं बकऱ्यांसारखी वेगळी व्हायची. गाडीतून परत येताना आम्ही तिला चिडवायचो, ती उलटून दुप्पट चिडवायची. त्या बाहेरच्या मैदानांवर तिनं काही ऐकलं नाही. मी विचारायचो नाही, पण तिच्या चेहऱ्यावरून समजायचं.

ऑक्टोबरात ब्रॉकेटचा सामना आला. आमचं मैदान. त्या दुपारी वारा नव्हता. आमच्याकडं वारा नसणं म्हणजे घरातलं घड्याळ बंद पडण्यासारखं असतं, आधी कळत नाही काय बिघडलंय ते. कोठारांच्या पत्र्यांचा आवाज नाही, झेंडा खांबाला चिकटून लटकलेला. पातळ धुकं जमिनीलगत उतरलं होतं आणि पोरांचे पाय घोट्यापर्यंत त्यात बुडालेले. लोक आपापल्या गाड्यांत बसून बघत होते. एरवी हॉर्न वाजवतात, त्या दिवशी कुणाला वाजवावासा वाटत नव्हता. कोल्टर क्विस्ट मैदानाच्या कडेला फळ्यांच्या उतारावर त्याच्या चाकाच्या खुर्चीत होता. गेली काही वर्षं सामन्याचं घड्याळ तोच सांभाळतो. अर्डिस आणि तो एकमेकांशी नुसती मान हलवण्यापलीकडं बोलत नसत.

पूर्वार्ध संपत आला होता. पाहुण्यांचा एक लाल केसांचा पोरगा चेंडू घेऊन कोठारांच्या बाजूला घुसला. आमच्या दोन पोरांनी त्याला उभ्याउभ्या कवेत घेतलं. अर्डिस त्याच्यापासून दोन हातांवर होती. मी पलीकडच्या कडेला, पण मला सगळं समोर दिसत होतं. तिनं शिट्टी ओठांशी नेली आणि तिचं डोकं झटकन एका बाजूला वळलं, कानापाशी कुणी हाक मारावी तसं. तिचा हात खाली यायला लागला. आणि त्याच क्षणी त्या मिठीतल्या पोराची मान सैल पडली. तो ढकलायचा थांबला, चेंडूसुद्धा ढिला धरला. खेळ संपल्यावर पोरं करतात तसा.

खेळ संपला नव्हता. मला काहीही ऐकू आलं नव्हतं. मिठी मारणारे दोघे ढकलतच होते आणि आमचा तिसरा पोरगा डोकं खाली घालून सुसाट येत होता. मी शिट्टी चाचपडली. अर्डिसचा तो चेहरा मी पूर्वी पाहिलेला होता, हार्लनच्या खांद्यांवर.

मग तिनं शिट्टी दातांत धरली आणि फुंकली. अशी फुंकली की लोकांनी गाड्यांच्या काचा खाली केल्या. तिसऱ्या पोरानं टाचा रोवल्या, धुक्यातून गुडघ्यांवर घसरत गेला आणि लाल केसांच्या पोराच्या बुटांपाशी थांबला. तो पोरगा शिट्टीनं दचकून आमच्याकडं बघत होता. त्याला कळेना की आधीच संपलेला खेळ या बाईनं परत का थांबवला.

थोड्याच वेळात पूर्वार्ध संपला. गॉर्डी तिला चांगली वाजवलीस म्हणाला, पाणी प्यायला गेला. त्याच्या लेखी एका खेळाला एकच शिट्टी झाली होती. पाद्रींच्याही आणि माझ्याही. अर्डिस मात्र जागची हलली नव्हती. मी जवळ गेलो तर तिचे ओठ पांढरे होते. तिनं माझा हात धरला, पण डोळे कोल्टरकडं होते. कोल्टर तिला बोलावत होता.

आम्ही उतारापाशी गेलो. कोल्टरनं घड्याळ बाजूला ठेवलं. तो आता बावीसचा आहे, दाढी ठेवतो, पण त्या क्षणी तो बसमधला पोरगा दिसत होता.

"मिस अर्डिस," तो म्हणाला, "शिट्ट्या दोन वाजल्या. पहिली तुमची नव्हती."

त्यानं कोठारांकडं बोट केलं.

"त्या दिवशीसुद्धा वाजली होती. ती ऐकली म्हणून मी अंग सोडलं. अंग ताठ असतं तर एवढं झालं नसतं, डॉक्टरच म्हणाले."

"मग बोलला का नाहीस रे?" हे मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"डोक्याला मार होता. डॉक्टर म्हणाले, आठवणी उलटसुलट होतात. मला वाटलं, हार्लनकाका काय म्हणतात ते गावात ऐकून ऐकून माझ्या डोक्यात शिरलं असेल. आई म्हणायची, त्या माणसाचं नाव घरात घ्यायचं नाही." तो थांबला. "मला माझंच खरं वाटलं नाही."

अर्डिस खुर्चीपुढं खाली बसली, धुक्यात. "मला पण नाही वाटलं," ती म्हणाली. "मी बायको होते त्याची."

"तुम्ही ऐकलीत ना आज?"

"ऐकली. अगदी कानापाशी. आणि मला वाटलं, झालं, कुणीतरी मारली, आता आपण नको." तिनं तोंडावर हात ठेवला. "तेवढंच वाटलं रे. त्यालाही तेवढंच वाटलं असणार."

ती रडली, आणि कोल्टरनं तिच्या टोपीवर हात ठेवला. मी दुसरीकडं बघितलं. कोठारं धुक्यात अर्धी बुडाली होती, एक पत्रा हलत नव्हता. ती शिट्टी कुणाची, कशाची, हे मला आजही सांगता येणार नाही. वारा म्हणणाऱ्यांना मी सांगतो, त्या दिवशी वारा नव्हता. एवढं मात्र मला तिथं उभ्याउभ्या कळलं, की ती जे कुणी वाजवतं ते काही भल्यासाठी वाजवत नाही.

उत्तरार्धासाठी पोरं मैदानात आली. अर्डिस उठली, गुडघे झटकले आणि चालत हार्लनच्या जागी जाऊन उभी राहिली. मग तिनं गाड्यांकडं तोंड केलं आणि बसमधल्या आवाजात, शेवटच्या सीटपर्यंत पोचेल अशा, ओरडून सांगितलं, "हार्लन खोटं बोलला नव्हता."

एका गाडीचं इंजिन चालू होतं, ते कुणीतरी बंद केलं. कोल्टरची आई पुढच्याच गाडीत होती. ती दार उघडून बाहेर आली आणि काचेला धरून उभी राहिली.

जाताजाता मी पाद्रींना दोन शिट्ट्यांचं सांगितलं आणि आम्ही आपापल्या जागी गेलो. खेळ सुरू करायची शिट्टी गॉर्डी मारतो. ती वाजली, आणि आम्ही तिघांनी आधी त्याच्या तोंडाकडं पाहिलं.