विमलाक्काचा निरोप

विमलाक्काने पहिल्याच भेटीत मला कोंडून घातलं. नंदिगड्ड्याच्या वरच्या अंगाला मोबाइलचा टॉवर आहे. त्याच्या तारेच्या कुंपणात बसून मी बॅटऱ्या तपासत होतो. पाठीमागे खट्ट असा आवाज झाला. वळून पाहिलं तर फाटकाला नवंकोरं कुलूप, आणि पलीकडे पन्नाशीची एक बाई. अंगात नर्सचा पांढरा कोट, पायात रबरी बूट. किल्ली तिने माझ्यादेखत पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली.

"काय करूलास आत?"

"बॅटरी बघतोय, बाई."

"रोज किती वेळ बंद ठेवतोस ह्यो खांब? खरं सांग. सांगितल्याबिगर सोडनार न्हाई."

मी सांगितलं की टॉवर बंद ठेवत नाही. मी रामनगरचा, टॉवरची देखभाल करणाऱ्या ठेकेदाराकडे इंजिनिअर म्हणून नोकरीला आहे, बंद ठेवून मला काय मिळणार? तिने ऐकून घेतलं, पण पटलेलं दिसलं नाही.

"चालू हाय म्हनतोस. मग माझा मेसेज कुटं गेला? तू गिळलास?"

ती त्या भागातल्या आरोग्य उपकेंद्राची नर्स. मूळची खानापूरकडची, पण निम्मं आयुष्य जोयड्याच्या रानात गेलेलं. सगळा गाव तिला अक्का म्हणे, तिच्यापेक्षा वयाने मोठी माणसंसुद्धा. तिच्या रागाच्या गोष्टी मी पुढे पुष्कळ ऐकल्या. दारू पिऊन इंजेक्शनला आलेल्या एका गड्याला तिने आधी विहिरीवर नेऊन अंघोळ करायला लावली होती. 'बघतो' हा शब्द तिला खपत नसे. कुणी "बघतो, अक्का" म्हणालं की ती म्हणे, "बघून झालं की मग तोंड उघड." तिची आणखी एक खूण होती. ती सगळ्यांना अरेतुरे करी. ज्याला 'तुम्ही' म्हणाली, त्याच्यावर ती खरी संतापलेली असे.

त्या दिवशी ती मला 'तू' म्हणत होती, हे माझं नशीब. कुंपणाच्या जाळीला धरून तिने मला सगळं सांगितलं.

आमच्या भागात हिवाळा सरला की माकडतापाची भीती सुरू होते. रानात माकड मरून पडतं, त्याच्या अंगावरच्या बारीक गोचिडी पाचोळ्यात पसरतात, आणि पाचोळा गोळा करायला गेलेल्या माणसाला चावतात. म्हणून मेलेलं माकड दिसलं की त्या बाजूला माणसं जाऊ द्यायची नाहीत, एवढाच खरा इलाज. पूर्वी अक्का साधा एसेमेस करायची, नाहीतर घरोघर फिरायची. मग वरून एक अ‍ॅप आलं. अ‍ॅपमध्ये लिहायचं, बटण दाबायचं, की सगळ्या वाड्यांवर निरोप. तिला सांगण्यात आलं, आता पायपीट बंद.

थोड्या दिवसांपूर्वी ती एका बैठकीसाठी जोयड्याला, तालुक्याच्या गावी, गेली होती. तिथेच वनरक्षकाचा फोन आला की ओढ्याच्या वरच्या अंगाला माकड मरून पडलंय. तिने लगेच अ‍ॅपवर लिहिलं, 'मेलेलं माकड सापडलं आहे. ओढ्याकडच्या रानात जाऊ नका.' पडद्यावर हिरवी खूण आली. 'पाठवला.' ती निर्धास्त होऊन बैठकीत बसली.

इकडे गावातली पार्वती गोठ्यात अंथरायला सुकी पानं आणायची म्हणून पाटी घेऊन त्याच ओढ्याकडे गेली. निघताना तिचा फोन खिडकीत होता. त्या घरात रेंज फक्त खिडकीत येते. फोन चालू, बॅटरी भरलेली, रेंजच्या काड्या दिसत होत्या. ती परत आली, हातपाय धुतले, फोन उचलला, आणि तेव्हा टिंग झालं. आठवड्याभरात तिला ताप भरला. अक्का माझ्याशी बोलत होती तेव्हा पार्वती मोठ्या दवाखान्यात होती आणि तिच्या नाकातून रक्त थांबत नव्हतं.

"तिचा नवरा देवू खोटं बोलनारा न्हवं," अक्का म्हणाली. "त्यानं माझ्यासमोर सांगितलं. 'रेंज आसली, अक्का. मेसेज येवंक ना.' रेंज हुती आणि मेसेज न्हाई. ह्याचा अर्थ मला सांग."

अर्थ मला ठाऊक होता. जाळीच्या आतून मी तिला समजावू लागलो. फोन कुणी वापरत नसला की तो झोपतो, अधूनमधून फक्त कान उघडा ठेवतो. त्याच्यासाठी काही आलं तर टॉवरला हाक मारून त्याला उठवावं लागतं. हाका फार झाल्या तर टॉवरवर भार पडतो, फोनची बॅटरी जाते. म्हणून कंपनी ठरवते की कशासाठी उठवायचं. कॉल आला तर लगेच. जाहिराती, सणाच्या शुभेच्छा, अ‍ॅपच्या किरकोळ सूचना असलं काही असेल तर ते बाजूला साठवून ठेवायचं, आणि फोन आपणहून जागा झाला की एकदम सोडायचं. आमचा टॉवर सौरबॅटरीवर चालतो, त्यामुळे इथे साठवण्याची मुदत जास्त. नियम तसा वाईट नाही, असंही मी म्हणालो.

तिने जाळीवरचा हात काढला. मग म्हणाली, "म्हंजे माझा मेसेज जाहिरातीच्या पाटीत टाकला."

"तसंच काहीतरी, अक्का. कमी महत्त्वाचा म्हणून."

"कमी कुनाला?"

तिने कुलूप काढलं. म्हणाली, "पोटाला काय खाल्लंस?" मी काही नाही म्हटल्यावर घरी नेऊन नाचण्याची भाकरी आणि सुकट घातली, आणि जेवताना मान वर करू दिली नाही. 'कमी महत्त्वाचा' हा शिक्का कुणी मारला ते शोधून काढायचं, हे मला तिने ताटावरच कबूल करायला लावलं.

शोधायला अवघड नव्हतं, पण जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. अ‍ॅप बनवणारे म्हणाले, आम्ही सगळे निरोप 'सर्वसाधारण' म्हणूनच पाठवतो, तातडीचा असा वेगळा प्रकार आम्हाला कुणी सांगितला नाही. कंपनीच्या विभागीय ऑफिसातले साहेब म्हणाले, सर्वसाधारण म्हणून आलेलं आम्ही सर्वसाधारणच समजणार. मी अक्काला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "दोघं बी खरंच बोलूलालेत बघ. त्याचाच मला राग येतोय. एकजन तरी खोटं बोलला असता तर त्याच्या थोबाडीत मारली असती."

त्याच आठवड्यात पार्वती गेली.

मी अंत्यविधीला पोचलो तेव्हा अक्का खळ्यात एका बाजूला उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. कुणीतरी सांत्वन म्हणून म्हणालं, नशिबात होतं. अक्का इतक्या मोठ्याने ओरडली की रडणाऱ्या बायकाही थांबल्या. "नशिबाचं नाव काढायचं न्हाई! मी निरोप पाठवला हुता! माझा निरोप अडवून ठेवला हुता!" देवूनेच उठून तिला धरून बसवलं. ज्याची बायको गेली तो माणूस तिला पाणी देत होता.

त्यानंतर तिने कंपनीच्या त्या साहेबांचा पिच्छा पुरवला. जोयड्यातल्या बैठकीला साहेब आले होते, तिथे तिने सगळ्यांसमोर विषय काढला. साहेब हुशार, मऊ बोलणारे. म्हणाले, "बघतो, मॅडम." एवढं पुरेसं होतं. ती उठून त्यांच्या टेबलाशी गेली आणि म्हणाली, "तुम्ही नंदिगड्ड्याला या. तुम्ही येतो म्हनल्याबिगर मी इथनं हलनार न्हाई." शेजारी बसलेल्या मला पुढचं कळून चुकलं, कारण ती 'तुम्ही' म्हणाली होती. आमच्या ठेकेदाराने त्या संध्याकाळी मला बजावलं, त्या बाईपासून लांब राहा. मी राहिलो नाही.

साहेब आले. सोबत अ‍ॅपवाल्यांचा एक माणूसही आला. पंचायतीच्या सभागृहात वाड्यांवरची माणसं जमली होती. अक्काने सगळ्यांचे फोन घेतले आणि एका लांब टेबलावर पालथे मांडले. साहेबांचाही मागून घेतला. मग तिने स्वतःच्या फोनवरून अ‍ॅपमध्ये तोच निरोप पुन्हा लिहिला आणि पाठवला. हिरवी खूण साहेबांना दाखवली.

"पाठवला न्हवं? आता बसायचं. कुनी बी फोनला हात लावायचा न्हाई. हात लावला की त्यो जागा हुतोय."

आम्ही बसलो. चहा आला, कप रिकामे झाले. एकही फोन वाजला नाही. साहेब म्हणाले, "येईल आता." बाहेर बस आली, हॉर्न देऊन गेली. साहेबांनी खुर्चीत दोनदा बूड हलवलं. म्हणाले, आपल्याला अंधाराआधी घाट उतरायचाय. अक्का म्हणाली, "सुम्म बसा, गप. पार्वती ओढ्यापत्तर जाऊन पाटी भरून आली, तेवढा वेळ तरी बसा."

अ‍ॅपवाला माणूस जरा तिखट होता. तो म्हणाला, "त्या बाईंना ताप त्याच दिवसामुळे आला, याला काही पुरावा आहे का? आधीही त्या रानात गेल्याच असतील."

अक्का अजिबात ओरडली नाही. "पुरावा आमी जाळून आलो," ती म्हणाली.

तेवढ्यात टेबलावरचा एक फोन वाजला. सगळे दचकले. निरोप नव्हता, कॉल होता. देवू उठला. तो पार्वतीचा फोन होता. तो तिचाच फोन वापरत होता आणि तोच घेऊन आला होता. फोनचा कानाकडचा आवाज बिघडलेला, म्हणून त्याने स्पीकर लावला. एका मुलीचा गोड आवाज साऱ्या सभागृहात घुमला. "पार्वतीजी बोलताय का? तुमच्या कुटुंबासाठी एक छान विमा योजना आहे..."

देवू फोनकडे बघत राहिला. "ना," तो म्हणाला. "ती ना." ती नाही, एवढंच सांगून त्याने कॉल कापला.

फोन आता जागा झाला होता. त्याच्या हातात टिंग वाजलं. त्याला वाचता येत नाही, म्हणून त्याने फोन शेजारच्या मास्तरांपुढे धरला. मास्तरांनी वाचलं, "मेलेलं माकड सापडलं आहे. ओढ्याकडच्या रानात जाऊ नका."

साहेबांनी खाली मान घातली. मला त्या क्षणी त्यांची दया आली नाही, आजही येत नाही. विमा विकणाऱ्या मुलीची हाक रानातल्या घरापर्यंत लगेच पोचत होती. जीव वाचवणारी हाक पाचोळ्यासारखी ढिगात पडून होती, आणि या व्यवस्थेत कुणाचीच चूक नव्हती. टॉवर सांभाळणं हाच माझा धंदा आहे, पण त्या दिवशी 'कमी महत्त्वाचं' हे शब्द माझ्या डोक्यात खिळ्यासारखे रुतले.

काम झालं. अ‍ॅपमध्ये तातडीचा प्रकार आला आणि तसा निरोप आमच्या टॉवरवर न साठवता लगेच फोनला उठवून देण्याची सोय झाली. टॉवरला नव्या बॅटऱ्याही आल्या, त्या मीच बसवल्या. पुढच्या हंगामात पुन्हा माकड मेलं तेव्हा वाडीवाडीत फोन एकाच वेळी वाजले. लोक रानात गेले नाहीत. तरीही अक्का रबरी बूट घालून दारोदार फिरत होती. देवूने विचारलं, "अक्का, मेसेज पावला, तू कित्याक आयलीस?" ती त्याच्यावरच खेकसली, "मेसेजला डोळं हायत काय, तुझ्या गोठ्यात जुना पाचोळा पडलाय ते बघायला? काढ त्यो आधी, जाळून टाक."

कंपनीने याचा कार्यक्रम केला. नंदिगड्ड्याचा फोटो छापला, वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'शेवटच्या माणसापर्यंत.' अक्काला शाल द्यायला बोलावलं. ती गेली. शाल घेण्याआधी तिने माइक ओढून विचारलं, "बाकीच्या टॉवरांचं काय झालं?" त्यांचं काही झालं नव्हतं. सोय एकाच टॉवरवर केली होती, नमुना म्हणून. ती शाल न घेता खाली उतरली. महिन्याभरात तिची बदली घाटाखाली झाली. बदलीचा त्या कार्यक्रमाशी संबंध नाही, असं मला तिघांनी वेगवेगळं येऊन सांगितलं. मी कुणाला विचारलं नव्हतं.

तिला जीपमध्ये बसवायला गाव लोटला होता. बायका रडत होत्या. तिने कुणाला रडू दिलं नाही. ज्यांची बाळंतपणं जवळ आली होती त्यांना शेवटच्या सूचना देत होती, गोळ्या न घेणारीला शिव्या देत होती. मला म्हणाली, "तुजं लगीन झालं की बायकोला घेऊन ये. पन नुसता पाहुना म्हनून येऊ नको, बाकीच्या टॉवरांचं काम करून ये." एवढं बोलून तिने ड्रायव्हरला चल म्हटलं. वळणावर जीप दिसेनाशी झाली तोवर देवू हात वर करून उभा होता.

बाकीच्या टॉवरांसाठी मी विनंत्या पाठवत राहिलो. प्रत्येकीला 'विचाराधीन आहे' असं उत्तर येतं. मध्यंतरी एका सकाळी मी रामनगरच्या नाक्यावर चहा पीत असताना तिचा फोन आला. कसा आहेस विचारलं नाही, घरच्यांची चौकशी नाही.

"इथं नदी हाय," ती म्हणाली. "पानी चढलं की इथल्या लोकास्नी बी निरोप अ‍ॅपवरनंच येतोय. काल मी टेबलावर फोन मांडून बघितले."

"मग?"

"मग काय! सगळे मुकाट पडून हुते. इथला टॉवर कुनाकडं हाय, त्याच्या साहेबाचं नाव सांग."

मी म्हणालो, ते साहेब मोठे आहेत, अक्का, इतक्या लांब यायचे नाहीत.

"येनार," ती म्हणाली. "मी टेबल मांडूनच ठेवलंय."